प्रचारात अलमट्टी, गल्लीत शेरीनाला : उमेदवाराला नेमकं काय विचारायचं?

कृष्णाकाठ

निवडणूक महापालिकेची असो, जिल्हा परिषदेची असो नाहीतर विधानसभेची, सांगलीत पुरावरचं भाषण एकच असतं. कृष्णेच्या खालच्या अंगाला असलेल्या अलमट्टी धरणापासून सुरुवात आणि कर्नाटकावर शेवट. मधे 'हवामान बदल' हा शब्द एकदा येतो, म्हणजे दोष आभाळाचा झाला. प्रभागातल्या नगरसेवकाला अलमट्टीच्या दाराचा एक नटसुद्धा फिरवता येत नाही. शेरीनाल्यासारख्या ज्या नाल्याच्या तोंडाला झडप बसवणं त्याच्या हातात आहे, त्या नाल्याचं नाव मात्र भाषणात येत नाही.

कोणाला मत द्यायचं ही चर्चा इथे नको, त्याला दुसरे धागे आहेत. दारात आलेल्या माणसाला त्याच्या खुर्चीच्या कक्षेतलं काय विचारायचं, तेवढंच बोलू. मी शहरापासून सुरू करतो.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ ला ५७ च्या वर, २०२१ ला ५४ च्या वर. पण सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर या भागांत ४० व्हायच्या आधीच पाणी दारात येतं. नदी काठावरून उडी मारून येत नाही, नाल्यातून उलटी येते. नदीची पातळी नाल्याच्या तोंडापेक्षा वर गेली की नाल्याचं पाणी नदीत उतरत नाही आणि नदीचं पाणी नाल्यात शिरतं. बाकी सगळं कोरडं असताना मागच्या गल्लीत गुडघाभर पाणी, ते असं.

उपाय म्हणून तोंडाला झडप बसवतात. नदीकडून दाब आला की मिटते, आतून दाब आला की उघडते. अर्धवट आश्वासन इथेच पकडता येतं. झडप मिटली की शहरात पडणारा पाऊस आत अडकतो, म्हणून झडपेसोबत पंप लागतोच. साधा हिशेब करा. नाल्याचं पाणलोट २ चौरस किलोमीटर, दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे २ लाख घनमीटर पाणी. त्यातलं ७० टक्के वाहून आलं तर १ लाख ४० हजार घनमीटर. ते २४ तासांत नदीत टाकायचं तर सेकंदाला साधारण १६०० लिटर उपसावे लागतात, म्हणजे ५७ क्युसेक (सेकंदाला घनफूट). शेतातल्या मोटारीचं हे काम नाही. पाऊस चार तासांतच कोसळला तर ह्याच्या कितीतरी पट क्षमता हवी, नाहीतर पाणी थोपवून धरायला मोकळी जागा हवी, जिच्यावर बहुधा आधीच प्लॉट पडलेले असतात. शिवाय पुरात वीज तोडतात. पंप आहे पण जनरेटर नाही, किंवा जनरेटर आहे पण त्याचा ओटा पुराच्या पातळीखाली, तर सगळा खर्च पाण्यात.

तेव्हा नगरसेवकपदाच्या उमेदवाराला माझे प्रश्न हे. तुमच्या प्रभागातला कोणता नाला किती फुटांवर उलटा वाहायला लागतो? त्याच्या तोंडाला झडप आहे का, पंप किती क्युसेकचा, डिझेल किती तासांचं? अंदाजपत्रकात त्याला कोणत्या शीर्षाखाली तरतूद आहे? पहिल्याच प्रश्नाला जो 'बघून सांगतो' म्हणतो तो निदान प्रामाणिक. जो थेट अलमट्टीवर जातो, त्याला चहा पाजून वाटेला लावा.

जुना_आराखडा

नाल्याचं गणित बरोबर. पण अलमट्टी अगदीच किरकोळ करून टाकू नका. आज पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर आहे, ती ५२४.२५६ मीटर करायला कृष्णा पाणीवाटपाच्या ब्रिजेशकुमार लवादाने २०१० ला परवानगी दिली. सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने त्यासाठीच्या भूसंपादनाचा निर्णयही घेतला. साडेचार मीटरहून जास्त वाढ ही थट्टा नाही. फुगवटा (धरणामुळे मागे चढणारं पाणी), गाळ, मधले बंधारे यांचा एकत्र अभ्यास मागणं योग्यच आहे.

फक्त ते खासदाराला आणि राज्य सरकारला विचारायचं. उंचीला स्थगिती, सर्वोच्च न्यायालयातली भूमिका, पूरकाळात दोन्ही राज्यांनी दर तासाची आवक-जावक एकमेकांना देणं, हा त्यांचा प्रांत. आणि २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीने त्या पुराचं मुख्य खापर अलमट्टीवर फोडलेलं नाही. तिने पात्रातल्या अतिक्रमणांकडे आणि अडथळ्यांकडे बोट दाखवलं. समिती राज्याचीच, तिचा अहवाल २०२० चा. उमेदवाराला विचारा, त्यातली कोणती शिफारस तुमच्या पक्षाच्या सरकारने पुरी केली? एकच सांगा म्हणावं.

आमदारासाठी आणखी एक. कोयना धरणात १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. धरण पावसाळ्याअखेर भरलेलं हवं, कारण सिंचन आहे आणि पश्चिमेकडे वीजनिर्मितीला वर्षाला ६७.५ टीएमसी जातं. पूर अडवायचा तर ऑगस्टच्या मध्यापर्यंत ते रिकामं हवं. दोन्ही एकाच वेळी होत नाही, म्हणून कोणत्या तारखेला किती टीएमसी ठेवायचे याचा परिचालन आराखडा असतो. पाऊस आता चार महिने पसरून न पडता चार-पाच दिवसांत कोसळतो, तर जुन्या सरासरीवर बेतलेला आराखडा बदलला का? बदलला असेल तर त्यामुळे वीज किती बुडणार आणि तो तोटा कोण सोसणार? हा खरा हवामान धोरणाचा प्रश्न. यात कोणाचं तरी काहीतरी जातं, म्हणून त्यावर कोणी बोलत नाही.

वाडीकर

पूररेषेचं कोणी लिहिलं नाही अजून. सांगलीवाडीपासून हरिपूरपर्यंत सगळा खेळ तिचाच आहे की.

कृष्णाकाठ

@वाडीकर, तेच लिहायला बसलो होतो.

निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल हे नियंत्रित. रेषा जलसंपदा विभाग आखतो, बांधकाम परवानगी महापालिका देते. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात, त्याची सोय अशी मुळातच आहे.

'२५ वर्षांतून एकदा' हे शब्द फसवे आहेत. लोकांना वाटतं एकदा येऊन गेला, आता २५ वर्षं निवांत. त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात ४ शक्यता. ३० वर्षांचं गृहकर्ज घेऊन त्या रेषेवर घर बांधलं, तर कर्ज फिटेपर्यंत निदान एकदा पाणी घरात यायची शक्यता शंभरात ७० आहे. लाल रेषेवर तीच शंभरात २६. आणि हा हिशेब जुना पाऊस धरून. २००५ ते २०२१ या १७ वर्षांत तीन वेळा ५३ च्या वर गेलेल्या नदीला जुनी सरासरी लावायची की नवी, हे ठरवावं लागेल.

नियंत्रित क्षेत्रात परवानगी देताना जोत्याची उंची लाल रेषेच्या वर ०.४५ मीटर ठेवायची अट असते. कागदावर ठीक. प्रत्यक्षात प्रत्येक जण आपापल्या प्लॉटवर भराव टाकतो, मागच्याचं घर खड्ड्यात जातं आणि पाण्याला पसरायला जागा उरत नाही. म्हणून 'पूररेषा शिथिल करून देतो' असं जो सांगतो, त्याला विचारा : शिथिल केल्यावर ते पाणी कोणाच्या प्रभागात पाठवणार?

माणदेशी

पूर, पूर, पूर. जत, आटपाडी, माण, खटाव नकाशात आहेत ना अजून? 🙂

आमच्याकडचं ठरलेलं भाषण म्हणजे 'पुराचं वाहून जाणारं पाणी दुष्काळी भागाला देणार'. ऐकायला गोड. त्याचाही हिशेब होऊन जाऊ दे. १ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. ते एका दिवसात उचलायचं तर ११,५७४ क्युसेक लागतात. महापुरात सांगलीतून दीड-दोन लाख क्युसेक वाहतं, म्हणजे दोन लाख धरले तर दिवसाला १७ टीएमसी. उपसा योजनेने १,००० क्युसेक उचलले, तरी पुरातलं अर्धा टक्का. आयर्विनची पातळी फार तर दोन-तीन बोटं उतरेल. तेव्हा या पाण्याने जतची तहान भागेल, सांगलीचा पूर नाही हटणार. दोन्हीकडच्या सभेत एकच योजना विकतात, ते चूक.

आता विजेचं. १ टीएमसी पाणी १०० मीटर वर चढवायला, पंपांची कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर साधारण १ कोटी युनिट लागतात. ही एकाच शंभर मीटरची गोष्ट झाली, पूर्वेकडे पाणी टप्प्याटप्प्याने चढत जातं. टेंभू, म्हैसाळ, ताकारी या उपसा योजनांना वीजबिलाचं ८१:१९ आहे, ८१ टक्के सरकार आणि १९ टक्के शेतकरी. 'पाणी देणार' म्हणणाऱ्याला विचारायचं : किती टीएमसी, कोणत्या महिन्यात, किती टप्पे, बिल किती आणि ८१ टक्क्यांची तरतूद दर वर्षी होणार की निवडणुकीच्या वर्षीच?

पुराच्या पाण्यावरच योजना चालवायची म्हटलं तर आणखी एक अडचण. त्या पाण्यात गाळ असतो, पंपाचे इम्पेलर झिजतात, जाळीवर कचरा बसतो. नदीकाठचं पंपगृहच पाण्याने वेढलं तर बंद ठेवावं लागतं. म्हणजे पूर शिखरावर असताना योजना उभी. पाणी मिळतं ते पूर चढताना आणि उतरताना. आणि ते साठवायला पूर्वेकडचे तलाव त्या वेळी रिकामे आणि दुरुस्त हवेत.

इथे जिल्हा परिषदेचा माणूस पकडायचा. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे पाझर तलाव, गावतलाव, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे जिल्हा परिषदेकडे असतात. बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) परतीचा पाऊस ओसरता ओसरता ऑक्टोबरात बसवायचे आणि जूनच्या आत काढायचे. उशिरा बसवले की वाहून जाणारं पाणी गेलं ते गेलंच, उशिरा काढले की पहिल्या पुरात बंधारा बाजूने फुटतो आणि शेजारचं शेत घेऊन जातो. रबरी पट्ट्या नसल्या की बरगे असूनही निम्मं पाणी गळतं. तुमच्या गटात बंधारे किती, बरगे पूर्ण किती ठिकाणी, पट्ट्या कधी बदलल्या? मोटारसायकलवर एका दिवसात मोजून होतं हे. उमेदवाराने मोजलेलं नसेल तर आपण मोजून त्याच्या हातात द्यायचं.

मिरजकर_७

@माणदेशी जबरी. 'दोन-तीन बोटं' हे तर सभेत वाचून दाखवावं असं आहे.

कायद्याचं थोडं. जाहीरनामा न्यायालयात नेऊन पैसे वसूल करता येत नाहीत, तो करार नाही. पण ५ जुलै २०१३ च्या सुब्रमण्यम बालाजी निकालात सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाला जाहीरनाम्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं करायला सांगितलं आणि ती आचारसंहितेत आली. वचनामागचं कारण आणि पैसा साधारण कुठून उभा करणार, हे पक्षाने सांगणं त्यात अपेक्षित आहे. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराला एवढं विचारायचा हक्क कागदोपत्री आहे.

दुसरं, एम. के. रणजितसिंह प्रकरण, मार्च २०२४. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क कलम १४ आणि २१ मधून येतो, असं न्यायालयाने म्हटलं. खटला होता माळढोकाचा आणि वीजतारांचा, पण तत्त्व सगळ्यांना लागू. अर्थात त्या निकालाने शेरीनाला साफ होत नाही. त्याला टेंडरच लागतं.

घाटावरचा

टेंडरवरून आठवलं. आचारसंहिता लागली म्हणून नालेसफाई थांबली, ही सबब चालवून घेऊ नका. सुरू असलेली कामं थांबत नाहीत, नवीन कार्यादेश देता येत नाही. तेव्हा प्रश्न एवढाच : निविदा आधी का काढली नाही? निवडणुकीचा अंदाज महिनोन्महिने आधी असतो.

सफाईत काय घोळ होतो? गाळाचं मोजमाप डंपरच्या खेपांवर असतं. अर्धा भरलेला डंपर पूर्ण धरला जातो, किंवा गाळ काठावरच टाकतात आणि पहिल्या पावसात तो परत नाल्यात. मागायचं काय, तर सफाईआधीचे आणि नंतरचे तळाचे उभे-आडवे छेद, वजनकाट्याच्या पावत्या, मोजमाप पुस्तकाची पानं आणि गाळ कुठे टाकला तो पत्ता. छेद नसतील तर किती गाळ निघाला हे देवालाही सांगता येणार नाही.

कृष्णाकाठ

हे कसं मागायचं तेही सांगतो, कारण माहिती अधिकारात ३० दिवस जातात आणि तोवर गुलाल उधळून झालेला असतो.

शासनाच्या २०१८ च्या परिपत्रकाने जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. फाइलचा नेमका विषय लिहून न्या : 'अमुक नाला सफाई, अमुक आर्थिक वर्ष, मोजमाप पुस्तक'. 'पुराबाबतची सर्व कागदपत्रे' असं लिहिलंत की उत्तर 'माहिती मोघम'.

लेखी अर्ज करायचाच असेल तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक अर्ज एक विषय आणि १५० शब्दांच्या आत. प्रती २ रुपये पान. उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपये. 'का केलं नाही' असा प्रश्न नको. 'का'ला उत्तर द्यायची सक्ती नाही, कागद द्यायची आहे.

शिवारफेरी

तासगाव, पलूस, खानापूरकडच्या द्राक्षवाल्यांसाठी लिहितो. 'नुकसानभरपाई देऊ' हे आश्वासन कुठे अडकतं बघा.

अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर. पर्जन्यमापक मंडळाच्या एका गावात, ढग फुटला दुसऱ्या टोकाच्या शिवारात. मापकावर ४० दिसले की अतिवृष्टीची नोंद नाही. दुसरी मेख ३३ टक्क्यांची, त्याच्या आत नुकसान असेल तर काहीच नाही. आपत्ती निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ साठीच्या निकषात कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५००, तेही २ हेक्टरपर्यंत. द्राक्षबागेच्या एका छाटणीचा खर्च ज्याला ठाऊक आहे त्याला २२,५०० वर हसावं की रडावं कळणार नाही.

तिसरी मेख वेळेची. फळछाटणीनंतर पोंगा नाहीतर फुलोरा अवस्थेत पाऊस झाला, तर त्या दिवशी बाग हिरवीगारच दिसते. घड कुजतात, गळतात, डाऊनी रोग पसरतो, ते सगळं नंतरच्या आठवड्यात. पंचनामा लवकर झाला तर कागदावर नुकसान कमी. म्हणून फोटो एकाच वेलीचे, रोज, खुणेची चिठ्ठी लावून काढा आणि अर्जाची पोच घ्या.

आता खरीप-रब्बी पिकांच्या विम्याचं धोरण, द्राक्षाचा फळपीक विमा वेगळा. २०२३ ला एक रुपयात पीक विमा आला, २०२५ च्या खरिपाला गेला. त्याच फेरबदलात राज्याने स्थानिक आपत्ती, हंगामातलं प्रतिकूल हवामान, काढणीनंतरचं नुकसान हे जोखमीचे भाग वगळून भरपाई पीक कापणी प्रयोगावर (निवडक शेतांत पीक कापून काढलेल्या सरासरी उत्पन्नावर) आणून ठेवली. म्हणजे पाऊस जास्त लहरी झाला त्याच काळात विम्याचं छत्र लहान झालं. सत्तेतला असो की विरोधातला, उमेदवाराला विचारा, हे वगळलं तेव्हा तुम्ही सभागृहात काय बोललात? कामकाज छापलेलं असतं, तपासता येतं.

चिखलवाट

एवढं सगळं विचारलं तर उमेदवार आमच्या गल्लीत यायचाच बंद होईल राव. लोकांनाही हे नको असतं. पूर आला की सानुग्रह अनुदान कधी, एवढंच विचारतात.

वाडीकर

लोकांना दोष देऊन कसं चालेल. घरात चिखल असताना माणूस आधी पैसेच विचारणार. आणि विचारायचं कोणाला? जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ ला संपली, सांगली महापालिकेची ऑगस्ट २०२३ ला. त्यानंतर प्रशासकच होता. सभागृह नाही, प्रश्नोत्तरं नाहीत, स्थायी समिती नाही. आता तेच लोक येऊन म्हणतात, 'आम्ही नव्हतो'. ठीक आहे, मग २०१९ आणि २०२१ ला कोण होतं? त्या वेळच्या सभांची इतिवृत्तं असतील की. पुरावर किती ठराव झाले आणि किती अमलात आले, सोमवारी ३ ते ५ मध्ये तेही मागा.

पाचटराव

सगळे पाण्यावर बोलताय. आपल्याकडची सगळ्यात चुरशीची निवडणूक साखर कारखान्याची असते, आणि हवामानाचं तिथेही विचारता येतं. उसाचं हेक्टरी ८-१० टन पाचट (वाळलेली पानं) निघतं, निम्मं शिवार ते पेटवतं. खोडवा (तोडलेल्या उसाच्या फुटव्यांचं पुढचं पीक) ठेवणाऱ्याने ते कुजवायचं तर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट, १ किलो जिवाणू संवर्धक. सरीत दाबून पाणी द्यायचं. ओलावा टिकतो, पाळ्यांतलं अंतर वाढवता येतं. लोक जाळतात ते आळसाने नाही. कुट्टीचं यंत्र वेळेत मिळत नाही, उंदरांची भीती वाटते आणि बुडखे जमिनीलगत छाटायला माणूस नसतो. पॅनेलवाल्यांना विचारा : यंत्रं किती घेणार, भाडं एकरी किती, ऊस तुटल्यावर किती दिवसांत बांधावर येणार? जळीत उसाची कपात तेवढी पद्धतशीर घेता, मग न जाळणाऱ्याला टनामागे काही देणार का?

माणदेशी

@पाचटराव, आणि ठिबक? उपसा योजनेचं पाणी पाटाने सोडून उसाला द्यायचं असेल तर १ टीएमसी किती जणांना पुरणार? दहा सेंटीमीटरची एक पाळी धरली तर वाटेत थेंबही न गळता २८ हजार हेक्टर, फक्त एकदा. हे कारखान्याच्या सभेत विचारायची हिंमत आहे का कोणाची?

पाचटराव

विचारतो की. लेखी प्रश्न वार्षिक सभेच्या आधी द्यावा लागतो, नोटिशीत तारीख असते ती बघा. आयत्या वेळी उभं राहिलं की माइक बंद पडतो.

कृष्णाकाठ

माइकचं खरं आहे 😄

नाल्यांची यादी करायला घेतोय. नाव, तोंड कुठे, किती फुटांना उलटा वाहतो, झडप, पंप. शेरीनाल्यापासून सुरू केलं आहे. भीमनगर आणि कर्नाळ रस्त्याकडची माहिती कोणाकडे असेल तर इथेच टाका, पातळी आयर्विनच्या फुटांतच लिहा म्हणजे जुळवता येईल. @घाटावरचा, छेदांचा नमुना अर्ज तुम्ही लिहा, १५० शब्दांत बसवा.